शेंडा कुणाच्या पानात

…आणि एवढं करून तो शेंडा तसाच थाळीत पडून राहिला, तुम्हाला सांगतो. पिवळ्या भाताचा डोंगर रचायचा, माथा कापून मानाच्या माणसाला द्यायचा, ही आमच्या योग्याकार्ताची रीत. मी अडाणी माणूस, सोयाबीनचं तेम्पे विकण्यात हयात गेली. वाटलं, सरळ विचारून जे होत नाही ते भाताने तरी होईल… कारण प्रश्न एकच, पोरगी नेमकी कुणाची?

पोरगी माझीच हो, वेनिंग. मेंदूवर डॉक्टरकी करते, म्हणजे औषधं देणारी नव्हे, संशोधनाची. नव्या तऱ्हेचं शिक्षण म्हणे, सगळ्या विद्या एकत्र. पहिलं वर्ष बिचारी बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडली, थोडे महिने उंदरांच्या प्रयोगशाळेत, थोडे संगणकवाल्यांकडे. इकडे तिला आकडेवाली म्हणतात, तिकडे उंदीरवाली, आणि बसायला खुर्ची दोन्हीकडे नाही. आता विद्यापीठ म्हणतं, महिनाअखेरपर्यंत दोन्हीकडच्यांपैकी एकाने मुख्य मार्गदर्शक व्हायला हो म्हणावं, नाहीतर जागा गेली.

उंदरांच्या पालुपीबाई म्हणतात, "गुणी आहे हो, पण निम्मं काम गणिताचं. ती विनार्दीसरांची." संगणकवाले विनार्दीसर म्हणतात, "छे छे, उंदीर सांभाळते ती आमची कशी? बाईंचीच." दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना… इथे दोन्ही घरचे ढेकर देऊन वर विचारतात, तिकडे जेवलीस ना? मग पोरगी कुणाची?

म्हणून दोघांना जेवायला बोलावलं. आले, हसतमुख. शेंडा कापला, पुढे केला.

"घ्या बाई."

"अगंबाई, सरांच्या आधी मी? शोभतं का?"

"नाही, नाही, बाई, मान वडीलधाऱ्यांचा."

"वडीलधारी? सर, मी लहान आहे तुमच्याहून."

असं किती वेळ चालावं? भात गार झाला, माझा धीर सुटला, आणि बोलून गेलो, "जो घेईल त्याची पोरगी."

झालं. विस्तवाला लागावेत तसे दोघांचे हात मागे. आत बायको पुटपुटली, "असं तोंडावर विचारतात का कुणाला? जनाची नाही तर मनाची तरी ठेवा." वेनिंग हळूच म्हणाली, "बाबा, राहू द्या. मी उद्यापासून तेम्पे विकायला बसते."

शेंडा नको, पण घरी न्यायचा भात दोघांनीही बांधून घेतला. फाटकाशी बाईंनी मला बाजूला घेतलं, "काका, मुख्य मार्गदर्शक सरांनाच होऊ द्या. फक्त तिचं संशोधन छापून आलं की माझं नाव सरांच्या आधी घालायला सांगा." बाई गेल्या, सर आले. तेच बोलले, फक्त बाईंच्या जागी सर आणि सरांच्या जागी बाई.

म्हणजे बघा… पोरगी कुणाचीच नाही, नातवंडं मात्र दोघांनाही हवीत.