तिसरं ताट

दवाखान्यात चर्चच्या धर्मशिक्षणाच्या बाई नंबरची वाट बघत होत्या. पुढच्या बाकावर दोन बहिणी पाठमोऱ्या बसल्या होत्या. धाकटीची मुलगी बाईंच्याच वर्गात होती.

"काल पोरीने जेवायला तिसरं ताट मांडलं, ताई."

"कुणाचं?"

"बाईंनी शिकवलंय. कुठल्याशा देशात मृतांच्या सणाला मेलेल्यांचंही ताट वाढतात. त्या दिवशी ते घरी येतात म्हणे."

"मग आजीचं असेल."

"बापाचं."

"अगं, तो तर चांगला जिवंत आहे."

"दोन गल्ल्या पलीकडे, दुसरीबरोबर. तेच सांगितलं तिला. तर म्हणते, मेलेले वर्षातून एकदा तरी येतात, मग बाबा का येत नाहीत?"

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, मेले असं समज. पुढच्या वर्षी येतील."

"लहान पोरीशी असं बोलतात?"

"मग कसं बोलतात, ताई?"

त्या धड्यासाठी बाईंनी दोन दिवस बसून चित्रं रंगवली होती. मुलांना तो फार आवडला होता. बाईंनी मान खाली घातली, पण बहिणींचा नंबर पुकारला आणि उठताना धाकटीने त्यांना पाहिलं.

"बाई, येत्या रविवारी वर्गात कुठला सण शिकवणार?"

"अजून ठरवलं नाही."

"ठरलं की आधी मला कळवा. घरी तयारी ठेवावी लागते."