शिडाच्या दोराची खुंटी

होड्या रंगवणारी बाई व्हार्निशचा डबा घेऊन रांगेत उभी होती. तिच्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं आणि त्यांच्यासमोर, दुकानदाराच्या टेबलावर, शिडाचा दोर अडकवायच्या दोन खुंट्या होत्या. एक पितळेची, एक चिमट्याची.

"अगं, पितळेचीच घेऊ. जुनी तशीच होती."

"अहो, त्या जुन्या खुंटीवरचा दोर सुटेना, म्हणून तर आपण उलटलो."

"उलटलो कुठे? जरा कललो."

"मी नाकापर्यंत पाण्यात होते."

"तू जरा जास्त कललीस."

रंगवणारीने हसू डब्याआड लपवलं.

"अहो, ही चिमट्याची बघा. एका हाताने हिसका दिला की दोर मोकळा."

"मला दोन हात आहेत."

"डावा सहा महिने नुसता सोबतीला येतो."

"डॉक्टर म्हणालेत, सुधारेल."

"डॉक्टर होडीत नव्हते. कॉलरला धरून तुम्हाला काठावर मी आणलं. आणि तुम्ही मलाच दिशा सांगत होतात!"

"चुकीच्या काठाला निघाली होतीस."

"जवळच्या काठाला निघाले होते."

म्हाताऱ्याने टेबलावरचा दोराचा तुकडा उचलला. त्याने चिमट्याच्या खुंटीत दोर अडकवला आणि उजव्या हाताने हिसका दिला. दोर सुटला. त्याने पुन्हा अडकवला, पुन्हा सोडवला.

"दोन द्या."

"दोन कशाला, काका?" दुकानदाराने विचारलं.

"एक माझ्या बाजूला, एक हिच्या. मी नाही सोडला, तर हिने सोडायचा."

"जमलं नाही म्हणून, की हट्टाला पेटलात म्हणून?" म्हातारीने विचारलं.

"खुंटीला काय फरक पडतो?"