यंत्र म्हणालं, जुळलं

मृत्यूच्या दाखल्याच्या रांगेत शिंपीकाकांच्या पुढे एक बहीण-भाऊ उभे होते.

"ताई, तुझ्या प्रयोगशाळेतलं क्वांटम यंत्र दोघांची उत्तरं गुप्त ठेवून ती जुळतात का एवढंच सांगतं, म्हणाली होतीस."

"तेवढंच सांगतं."

"अगं, पण उत्तरं दोनच. बाबांचा व्हेंटिलेटर काढायचा, नाहीतर ठेवायचा. 'जुळलं' म्हटल्यावर गुप्त काय राहिलं?"

"हयात गेली या कामात, पण तेव्हा डोकंच चाललं नाही माझं."

"जुळलं नाही तर ठेवायचा, असं ठरलं होतं. मी 'काढा' लिहिलं, ते तू 'ठेवा' लिहिशील या भरवशावर."

रांग पुढे सरकली. दोघं हलले नाहीत, आणि शिंपीकाकांनीही 'सरका' म्हटलं नाही.

"मीही तुझ्याच भरवशावर होते रे."