दोन गुडघे, दोन बाण

नाहीच बसणार तुमचा विश्वास! लावा पैज, यातलं अक्षर जरी खरं वाटलं तर कान कापून देईन... तुमचा! अहो, माझ्या उजव्या गुडघ्याची वाटी मेली इतकी उनाड, की जिन्यावर पाय टाकला की सटकन बाजूला! आणि कळ अशी, की वर गेलेले सासरे दिसायचे. मग काय, वरची हवेशीर खोली सुटली न् खाली लेकाच्या घोरण्याशेजारी खाट पडली. तिथंच मरू होय? म्हटलं, करा ऑपरेशन!

डॉक्टर म्हणाला, "आजी, काजाएवढी दोन भोकं, आत कॅमेरा, वाटीला ओढणारा पट्टा सैल केला की झालं!" म्हणजे गुडघ्यात शूटिंग! खोटं वाटतंय ना? वाटू दे!

चूक नको म्हणून त्यानं गुडघ्याच्या आतल्या अंगाला पेनानं बाण काढला. लगेच नर्स, "कुशीवर वळा, पाय पोटाशी घ्या, पाठीत सुई द्यायचीय." घेतले! गुडघ्याला गुडघा चिकटला, शाई ओली... उताणी केली तर दोन्हीकडे बाण!

"आजी, कुठला हो?" म्हटलं, "उजवा!" तर नर्स किंचाळली, "ऐकू नका डॉक्टर! सकाळी म्हणाल्या, डावा पाय लाकडाचा आहे. मी टकटक करून बघितलं!" डॉक्टर म्हणतो, "मग दुखतंय कुठं?" अरे बाबा, कमरेखाली सगळं बधिर केलंस, आता काय कपाळ दुखणार? कागदावर उजवा होता, पण दोन बाण दिसले की हात लावायचा नाही म्हणे. घरच्यांना विचारा, नाहीतर रद्द! जन्मात एकदा खरं बोलले न्... खोटं वाटतंय ना? त्यांनाही वाटलं!

लेकाला विचारलं. "डावा... नाही, उजवा... आईलाच विचारा ना!" घ्या! पोटचा गोळा! शेवटी सुनेला बोलावलं. ती दारातूनच, "उजवा. डावा धरून ओरडतात ते भांडी घासायच्या वेळी. उजवा दुखला की गप्प होतात, भिंत धरतात."

सगळे खो खो हसले. मीही हसले... करते काय!

वाटी बसली जागेवर, वरची खोली मिळाली, जिना तुरुतुरु चढते. पण उपयोग काय? काल डावा धरून 'आई गं' केलं, तर बया खालून म्हणते, "आई, भांडी वाट बघतायत!"

खोटं वाटतंय ना? मग निघा आता! बसलात काय? भांडी घासायचीयत मला.