उजवा पाय

बावन्न सालचा उन्हाळा. तिगावच्या फलाटावर नागपूरच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकावर एक मास्तर आणि रामाकोन्याचा पहिलवान गुणवंता बोलत बसले होते.

"चाचणीत तू त्याले पाडलं, अन् ऑलिम्पिकले तो कसा चालला?"

"निवडणाऱ्यायले तोच पसंत पडला, मास्तर."

"मंग आता फिर्याद कराले निघाला का?"

"ते करून पाह्यली. आता त्यालेच भेटाले जाऊन राहिलो."

"भांडाले?"

"नाही जी. म्या त्याले दोन्ही खेपा उजव्या पायावरून पाडलं. तिथं कोणी तोच पाय धरला, तर सोडवाचा कसा, ते दाखवतो."

"धरू दे ना! तुह्यं काय जाते?"

"मेडल जाते, मास्तर."