सतराव्या पानावरची पट्टी

सन्माननीय अध्यक्ष महाराज, ‘पाचच मिनिटांत पोहोचतो’ असं दर अर्ध्या तासाने कळवणारे प्रमुख पाहुणे, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले समितीचे पदाधिकारी, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत त्या आमच्या ग्रंथपालबाई, आणि लवकर येऊन पंख्याखालच्या खुर्च्या पटकावलेल्या वाचकहो,

मी दातांचा डॉक्टर. एरवी मी लोकांना तोंड उघडायला सांगतो. आज वाचकांच्या वतीने माझंच तोंड उघडायला लावलंय, तेव्हा जबाबदारी तुमची.

बाईंनी या वाचनालयात किती वर्षं काढली हे चिटणीसांनी प्रास्ताविकात सांगितलंच. दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा आकडा वेगळा होता. मी त्यात तिसऱ्याची भर घालत नाही.

हल्ली कोणी वाचत नाही, असं माझ्याआधीच्या प्रत्येक वक्त्याने कळवळून सांगितलं. खरंच असं आहे का? माझ्या दवाखान्याच्या बाकावर बसलेली माणसं सारखी वाचत असतात. फोनवर वाचतात. दाढ काढायची असेल तर इतकं मन लावून वाचतात की नाव पुकारलेलं ऐकू येत नाही. हे मी बाईंना बोललो, तर त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “डॉक्टर, पूर्वी लोक फार वाचायचे हे तुम्हाला सांगितलं कोणी? निम्मे लोक पुस्तकाला नुसतं फिरवून आणायचे. घरी न्यायचं, पाहुण्यांना दिसेल असं ठेवायचं, परत आणायचं. फोन आल्यापासून पुस्तकांची तेवढी पायपीट थांबली.”

बाई हे अंदाजाने बोलत नव्हत्या. त्यांच्याकडे पुरावा असायचा. आज त्या निवृत्त होत आहेत म्हणून ते गुपित फोडतो. पुस्तकाच्या शेवटाकडे, समोरासमोरच्या दोन पानांच्या मध्ये, बाई कागदाची एक बारीक पट्टी ठेवायच्या आणि तिची दोन टोकं खळीच्या ठिपक्याने दोन्ही पानांना चिकटवायच्या. वाचत तिथवर आलात की पानं उघडताना पट्टी फाटणार. नाही आलात, तर पट्टी शाबूत.

तिकडे मागे बरेच चेहरे उतरलेले दिसतायत. घाबरू नका, मीही त्यातलाच. एक जाडजूड कादंबरी परत करताना बाईंनी विचारलं, “कशी वाटली?”

मी म्हणालो, “अप्रतिम. काय ओघवती भाषा आहे!”

बाईंनी पुस्तक उघडून पट्टी दाखवली. “ओघात ही वाहून गेली नाही वाटतं?”

मी म्हटलं, “बाई, दंड किती?”

“दंड कसला? राहू द्या. अजून आठ दिवस घेऊन जा.”

बस्स. ओरडणं नाही, उपदेश नाही. पुस्तक परत तुमच्या काखेत. माझ्या सासूबाई एकच प्रवासवर्णन चार वेळा घरी घेऊन आल्या. शेवटी वैतागून वाचलं, आणि आता आम्हाला जेवतानासुद्धा त्यातलं ऐकावं लागतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. चिटणीस मघाशी म्हणाले, “बाईंनी दिलेल्या अहवालाचा सखोल अभ्यास करून समितीने देवघेव विभाग बंद करून तिथे सभागृह करायचं ठरवलं आहे, आणि अध्यक्ष समारोपात तशी घोषणा करतील.” टाळ्याही पडल्या. कुणी वाजवल्या ते मला दिसलं. त्यांच्या दातांकडे पुढच्या भेटीत बघू.

तो अहवाल वाचकांचा प्रतिनिधी म्हणून मलाही मिळाला होता. मी वाचला. बाईंनी त्यात पुस्तकांसाठी गळा काढलेला नाही. उलट लिहिलंय की निम्मी कपाटं रद्दीत गेली तरी कोणी रडणार नाही. लोक सहाला कामावरून सुटतात आणि आपण पाचला कुलूप लावतो, मग ते येत नाहीत म्हणून परिसंवाद भरवतो. बसचालक आता कानाने वाचतो, तर त्याला पुस्तक कानात द्या. आजोबांना अक्षर दिसत नाही, तर मोठ्या अक्षरांतलं आणा. जिना चढवत नाही त्यांच्या घरी पुस्तक पोहोचवा. वाचणं बदललं, आपणच तेवढे बदललो नाही, असं त्यांचं म्हणणं आहे.

मी सतराव्या पानाशी पोहोचलो आणि टर्रकन आवाज आला.

मंडळी, बाईंनी अहवालातही पट्टी लावली होती!

आज या पुष्पगुच्छाला टेबलावर जागा करताना समितीच्या तिन्ही प्रती सरकवाव्या लागल्या. माणसाचा स्वभाव, जरा कडेने डोकावलो. तिन्ही पट्ट्या शाबूत. एकही जखमी नाही. सखोल अभ्यास इतका अलगद करता येतो, हे मला माहीत नव्हतं.

बाई, डोळे वटारू नका. तुम्ही आजपासून मोकळ्या आहात.

सतराव्या पानावर काय आहे? सगळं सांगणार नाही, नाहीतर माझ्याच भाषणाचा सारांश होऊन बसेल. एवढंच सांगतो, समितीला हवं ते सभागृह त्या पानावर आहे, मापासकट. आणि त्याच्या भिंतीपलीकडे देवघेव विभागही चालू आहे. आज घोषणा झाली तर जे बंद होईल, ते अहवाल न वाचताच बंद केलं असं होईल. बाईंना पुष्पगुच्छ पुष्कळ मिळाले. त्यांना निरोपाला एक फाटलेली पट्टी द्यायला काय हरकत आहे?

म्हणून अध्यक्ष महाराज, बाईंच्याच शब्दांत विनंती करतो. घोषणा राहू द्या. अहवाल अजून आठ दिवस घेऊन जा.

आपण मला बोलू दिलंत, घड्याळाकडे बघत का होईना ऐकलंत, त्याबद्दल आभारी आहे. माझ्या धंद्यात आधी बधिर करतात आणि मगच आत हात घालतात. बधिर करण्याचं काम आधीच्या वक्त्यांनी केलंच होतं. तरीही कुठे ठणकलं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला.

आणि अध्यक्ष महाराज, आत्ता जो टर्रकन आवाज झाला, तो माइकमधून पार मागच्या रांगेपर्यंत गेला. सावकाश वाचा. पाहुणे अजून यायचेत.