बंद केलेलं कपाट

न्हाई भाऊ, पाणी नगं मला, तुमी फक्त गाडी जरा दाबा — हिरड्याची पोती काय उडून जात न्हाईत, करकचून बांधल्याती, मी बघितलं बसताना. हा मोबाईल बघा, रेंजला एक कांडी न्हाई. घाटघरात त्या टेकाडावर उभं ऱ्हायलं की येती थोडी, तिथंच बायकोचा फोन आला, सुप्रियाचा, आन् मधीच कट झाला. रेंज कुठं येती — चावंडच्या खाली? का पार आपटाळ्यात? अरे देवा... न्हाई न्हाई, घाबरलो न्हाई मी, घाम आपला उन्हाचा हाय. घाबरायचं काय त्यात? मी सांगितलंय तिला बंद कर म्हणून. बंद केल्यावर काय व्हतंय? काय न्हाई व्हत.

काय बंद कर म्हंजी — कपाट. हसू नका राव, खरंच कपाट हाय, लोखंडी, सुप्रियाच्या म्हायेरनं आलेलं. त्याचं वरचं दार कापून मी टीव्ही बसवला, खाली दांडा आन् बटणं, आत जुना कम्प्युटर — जत्रंत गेमची पेटी आसती ना, पोरं झोंबत्यात तिला, तशी. माझी श्रेया हाय, पाचवीतली, तिच्यासाठी केलं. आमच्या लोणी गावातली माणसं बघायला आली व्हती घरी, मेव्हणा व्हिडिओ काढून घेऊन गेला. पण खरी गंमत गेमची न्हाई, सर्किटची हाय. कम्प्युटर लावा, मग टीव्ही येगळा लावा, स्पीकर येगळा, वरच्या लाइटी येगळ्या — कोण करत बसंल? मग मी काय केलं, भंगारातल्या इन्व्हर्टरमधला रिले काढला. रिले म्हंजी आपोआप दबणारं बटण समजा. कम्प्युटर जागा झाला की टक् वाजतंय आन् सगळं एकदम पेटतंय, कम्प्युटर झोपला की परत टक्, सगळं गप. भाईर मोटारीच्या स्टार्टरची बटणं लावली, हिरवं चालू, लाल बंद, बारक्या पोराला बी कळंल. मी वायरमन हाय भाऊ, आठरा वर्षं झाली, उगं कायतरी जोडून ठेवलेलं न्हाई.

तर सकाळी शेजारची अक्षदा आली खेळायला, अनवाणी, पाय बी वलं — तिनं कपाटाला हात लावला आन् पोर फेकली गेली. फेकली म्हंजी... बसली खाली. काय झालं न्हाई तिला, रडत घरी गेली, चालत गेली, सुप्रिया म्हणली की चालत गेली. मी म्हणलं, भित वली झाली आसंल, मागं पाण्याची टाकी हाय, तिचा पाझर येतो. पिन आन् बोर्ड दोन्ही कपाटाच्या मागं, हात पोचत न्हाई तिथं. म्हणून म्हणलं, आधी लाल बटण दाब, बंद कर, मग तू आन् श्रेया दोघी मिळून कपाट हातभर पुढं वढा आन् पिन काढा. एवढं बोललो आन् फोन गेला. तिनं पुरतं ऐकलं का न्हाई ते बी कळंना. मग माझा हातच चालंना कामाला, सगळं तसंच टाकलं आन् तुमच्या गाडीला हात केला.

आधी कधी? तसं... आता तुमी इचारताय म्हणून सांगतो — चावत व्हतं ते आधी. चावत म्हंजी मुंग्या, नुसत्या मुंग्या. दिवाळीत मी टेकून उभा व्हतो, बंद व्हतं तवा, तर कोपराला झिणझिण. मी कुणाला बोललो न्हाई. काय बोलणार, घर पावण्यांनी भरलेलं, जो तो वाहवा करतोय. मग गोठ्यातली रबरी मॅट आणून टाकली पुढं आन् श्रेयाला दम दिला, चपला घातल्याबिगर खेळायचं न्हाई. टेस्टर लावून बघितला का म्हणताय? न्हाई लावला. खिशातच व्हता, तरी न्हाई लावला. लावला आस्ता तर पेटला आस्ता, आन् मग सगळं उकलत बसायचं, त्यांच्यादेखत. खरं सांगू का, भ्या वाटलं मला. करंटाचं न्हाई. माझी चूक निघंल ह्याचं.

आँ? बंद आसताना कसं चावलं? बरोबर हाय तुमचं, बंद आसताना कसं... थांबा. बंद आसतानाच चावलं मला. चालू आसताना कधीच न्हाई, तास तास खेळलोय मी त्याच्यावर. थांबा भाऊ — अहो गाडी नका थांबवू, गाडी चालू द्या! मी आपला माझ्याशी बोलतोय. दोन वायरी आसत्यात, एकीतनं करंट येतो, दुसरीतनं परत जातो. बटण येणाऱ्या वायरीवर मारायचं, हे पहिल्या दिवशी शिकवत्यात. त्या दिवशी माझ्याकडं दोन्ही वायरी काळ्याच व्हत्या, आन् श्रेया सारखी, पप्पा झालं का, पप्पा झालं का... आन् घरात अर्थिंग न्हाई, म्हणून कपाटाचं लोखंड मी परतीच्या वायरीला जोडलं, हिकडं सगळेच तसं करत्यात, चालतंय. पण रिले जर त्या परतीच्या वायरीवर, लोखंडाच्या जोडाफुडं बसला आसंल — आन् तिथंच बसलाय, दिसतंय मला आता, तिथंच बसलाय — तर बंद केल्यावर काय व्हईल? पाटाला पाणी वरनं येतंच ऱ्हायलं आन् तुमी फुडचं तोंड बुजवलं, तर ते बांध फोडणारच की! टीव्हीतनं, स्पीकरातनं फिरून सगळा करंट कपाटाच्या अंगावर. आन् परवाच मी आत मोठा अँप्लिफायर टाकलाय, डीजेवाल्याकडचा. म्हंजी आता मुंग्या न्हाईत, आता माणूस चिकटंल. आन् मी काय सांगितलं? बंद कर. बंद कर आन् दोघी मिळून दोन्ही हातांनी धरा. माझ्या तोंडानं सांगितलंय भाऊ, माझ्या ह्या तोंडानं! दाबा की राव जरा, पाया पडतो तुमच्या, खड्ड्याला नका बघू आता...

आली! आली एक कांडी — हळू करा, हितंच उभी करा, वळणापल्याड गेलो तर जाईल परत. वाजतोय. उचल... उचल गं बाई, उचल... हॅलो! कोण, श्रेया? आई कुठंय? — आधी आई कुठंय ते सांग! — तिला म्हण कपाटाला शिवू नको, तू बी शिवू नको, लांब हो, लांब! — काय? — बंद केलंच न्हाई? — थांब, आवाज येतोय हिकडं... भाऊ, इंजिन बंद करा जरा. हां, बोल बाळा. — न्हाई रागावत. — आगं शप्पथ, न्हाई रागावत, बोल तू. — कधीपासनं? — बरं. — बरं. — ऱ्हाऊ दे, चालूच ऱ्हाऊ दे ते. आईला म्हण चपला घाल आन् ओसरीवरचा मेन पाड. मी धरलाय फोन. — पडला? पंखा थांबला का बघ. — थांबला. बरं. आता मी येईस्तोवर मेन उचलू नका. ठेव.

वाचल्या. दोघी वाचल्या भाऊ... द्या ती बाटली हिकडं, आता पितो पाणी.

ऐकलंच न्हाई त्यांनी माझं. श्रेया म्हणती, पप्पा, ते बंद आसलं की चावतं, चालू आसलं की न्हाई, आमाला दिवाळीपासनं म्हाईत हाय. तुमी बंद करून कामाला गेला की आमी लाटण्यानं हिरवं बटण दाबतो, मग चावत न्हाई. आज पहाटं लाईट जाऊन आली, ते आपोआप बंद पडलेलं, आन् तेवढ्यात अक्षदा शिवली, मग आमी लगीच लाटण्यानं चालू केलं. लाटण्यानं, भाऊ. मी म्हणलं, आगं मग मला का न्हाई सांगितलं? तर म्हणती, आईनं सांगितलंय, पप्पांची चूक पप्पांला सांगायची न्हाई, ताट फेकत्यात.

एकदाच फेकलं व्हतं मी. एकदाच... दोनदा आसंल. मोटारीची जोडणी चुकली व्हती, सुप्रिया चार माणसांत बोलली, आन् माझं डोकं फिरलं. पोर तिथंच जेवत बसलेली. म्हंजी बघा ना, सहा महिने घरात करंट घेऊन ऱ्हायल्या दोघी, आन् मला सांगायचं त्यांला जास्त भ्या वाटलं. आत्ता बी फोनवर आधी काय इचारलं तिनं? तुमी रागावणार न्हाई ना. मी हिकडं मरतोय, आन् ती...

काय बघताय माझ्या तोंडाकडं? गाडी चालू करा. न्हाई, ऱ्हाऊ द्या, मी उतरतो हितंच. चालतो थोडा, मागनं येईल एखादी गाडी. जावा म्हणलं ना तुमी.